सोळा वर्षांची मुलगी बायपोलर आजाराच्या गोळ्या घेत नाही. जेवणातून नकळत दिल्या तर चालतील का?

देऊ नका. मी दिल्या होत्या, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

माझा मुलगा तेव्हा सांगलीत अकरावी सायन्सला होता आणि मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला याच आजारासाठी, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल उदासीत नेणाऱ्या बायपोलरसाठी, लिथियम सुरू केले होते. या औषधाचे रक्तातील प्रमाण साधारण ०.६ ते १.० यांच्या दरम्यान राखावे लागते. कमी पडले तर उपयोग होत नाही, फार वाढले तर विषबाधा होते. सुरुवातीचे दोन महिने सारे सुरळीत होते, पुढच्या तपासणीत मात्र आकडा ०.२ आला. गोळ्या नीट घेतो ना, असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा मी शपथ घेतल्यासारखे "हो" म्हणाले, कारण रोज रात्री मी स्वतः गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवत होते. डॉक्टरांनी डोस वाढवला. पंधरा दिवसांनी मी माळ्यावरचे क्रिकेटचे किट झाडायला काढले, तेव्हा एका ग्लोव्हच्या बोटांतून सदतीस गोळ्या निघाल्या.

त्याच रात्री माझे थोरले दीर घरी आले. "लेकरापुढे आईबापाने असे हात टेकायचे नसतात. दुधातून द्या, त्याला कळायचेही नाही," असे त्यांनी सांगितले आणि मी ऐकले. वेलदोडे कुटायच्या खलबत्त्यात गोळ्या कुटून मी मसाला दुधात घालू लागले. त्या गोळ्या पोटात हळूहळू औषध सोडणाऱ्या होत्या, आणि तशी गोळी कुटली की सगळे औषध एकदम अंगात जाते, हे डॉक्टरांना एक फोन केला असता तरी मला कळले असते. शिवाय वाढवलेला डोस मुळात त्याने गोळ्या लपवल्यामुळेच वाढलेला होता. पाचव्या दिवशी त्याला उलट्या आणि जुलाब सुरू झाले, हातात पेला धरता येईना, चालताना तोल जाऊ लागला. मिरजेला दाखल केले तेव्हा रक्तातील प्रमाण १.८ होते.

तो त्यातून बरा झाला, पण पेल्याच्या तळाशी राहिलेला पांढरा गाळ त्याने पाहिला होता. पुढचे जवळजवळ दोन महिने त्याने माझ्या हातचे काहीही खाल्ले नाही. सीलबंद बिस्किटे, स्वतः सोललेली केळी आणि स्वतः नळावर भरलेले पाणी एवढ्यावर तो राहिला. ज्या आजारात आधीच मनात संशय शिरू शकतो, त्या आजारात आम्ही त्याला संशय घ्यायला खरे कारण दिले.

गोळ्या का लपवल्या, हे तोपर्यंत आमच्यापैकी कोणीही त्याला विचारले नव्हते. एका संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर त्याने आपणहून सांगितले की, रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना त्याचा हात कापायचा आणि मुले हसायची. लिथियममुळे हाताला बारीक कंप सुटतो, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक असते. त्याने ते स्वतः सांगितले, तेव्हा त्यांनी डोस पुन्हा बसवला, कंपासाठी आणखी एक लहान गोळी दिली आणि महिनाभरात फरक पडला. आपल्या मुलीचेही असेच काही कारण असेल: वाढलेले वजन, गळणारे केस, अनियमित झालेली पाळी किंवा सकाळी न उतरणारी झोप. ते तिला विचारा, आणि डॉक्टरांपुढे तिला एकटीला बोलू द्या. किती गोळ्या चुकल्या, हे त्यांना अगदी खरे सांगा.

भाऊजी आजही म्हणतात की, मी तेव्हा अधिक कणखर राहिले असते तर हे घडले नसते, आणि मुलाची मनधरणी करत बसणे हा दुबळेपणा आहे. मनधरणी करावी लागते, रोज करावी लागते. दुधात गोळी कालवण्याला कणखरपणा म्हणणाऱ्या माणसाने सतरा वर्षांच्या मुलासमोर बसून त्याचे "नाही" ऐकून घेऊन दाखवावे.

हेही लिहायला हवे की, मुलगी दोन-तीन रात्री झोपलेली नसेल, जीव देण्याचे बोलत असेल किंवा अंगावर धावून येत असेल, तर मनधरणीत वेळ न घालवता तिला थेट रुग्णालयात न्या. अठरा वर्षांखालील मुलांबाबत २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांचा निर्णय पालकांवर सोपवलेला आहे. रात्री-अपरात्री काही सुचेनासे झाले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आणि गोळ्या अचानक पूर्ण बंद झाल्या असतील, तर जुना डोस घरच्या घरी एकदम सुरू करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.