युरेनस-नेपच्यूनच्या पोटातले बर्फ एकमेकांशी अभिक्रिया करतात का?

पाणी, अमोनिया आणि मिथेन यांच्या बर्फांमध्ये एवढ्या दाबाखाली आणि उष्णतेत रासायनिक अभिक्रिया होते का, आणि मुंबईत यावर काही काम चालतं का, असं तुम्ही विचारलंय. मी मुंबईत रसायनशास्त्र शिकवतो. अभिक्रिया होतात, आणि चांगल्याच होतात. ग्रहशास्त्रज्ञ या तिघांना सरसकट बर्फ म्हणतात. आत ते घन असतील किंवा तापलेला दाट द्रव.

आधी दाबाचा हिशेब बघा. एका मोलचं आकारमान 1 घन सेंटीमीटरने घटलं आणि दाब 1 गिगापास्कल (वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट) असला, की 1 किलोज्यूल काम होतं. दाब 100 गिगापास्कल असेल तर 100 किलोज्यूल. पाण्यातला हायड्रोजन बंध मोलमागे जेमतेम 20 किलोज्यूलचा असतो. त्यामुळे कमी जागेत मावणारी मांडणी जिंकते, मग त्यासाठी रेणू मोडला तरी बेहत्तर. ससून डॉकवर मासळीवर टाकतात तो बर्फ एका वातावरणाच्या दाबाखालचा. सुमारे 1 गिगापास्कलला पाणी मुंबईच्या उकाड्यातही गोठतं.

पाणी-अमोनियाची जोडी मला सगळ्यात रंजक वाटते. एरवी अमोनिया पाण्याकडून प्रोटॉन (हायड्रोजनचा आयन) घेतो, पण अगदी नाममात्र. दोघांचा समप्रमाणातला बर्फ हिऱ्यांच्या ऐरणीत, म्हणजे दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये, दाबला, की 7 गिगापास्कलच्या थोडं पुढे प्रोटॉनची ही देवघेव जोर धरते आणि त्याच स्फटिकात अमोनियम व हायड्रॉक्साइड आयन दिसू लागतात. तेही खोलीच्या तापमानाला!

उष्णता वाढवली की पाणी स्वतःच बिथरतं. 2019 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या ओमेगा लेसरने पाण्याच्या पातळ थरावर आघात केले, तेव्हा 100 ते 400 गिगापास्कल आणि दोन-तीन हजार केल्विनला सुपरआयनिक बर्फ सापडला. त्यात ऑक्सिजनची जाळी जागच्या जागी राहते आणि हायड्रोजनचे आयन तिच्यातून वाहतात. या दोन ग्रहांच्या वाकड्या चुंबकीय क्षेत्रांचा संबंध अनेकजण याच्याशी जोडतात.

मिथेनचे हिरे होऊन ‘हिऱ्यांचा पाऊस’ पडतो, हे मात्र जरा सबुरीने घ्या. 2017 च्या गाजलेल्या प्रयोगात मिथेन नव्हताच, पॉलिस्टायरीन हे कार्बन-हायड्रोजनचं प्लास्टिक होतं. नॅनोहिरे खरे, पाऊस हा अंदाज.

मुंबईचं म्हणाल, तर तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात उच्च दाबाच्या भौतिकशास्त्रावर कित्येक वर्षं काम होतंय. तिकडे जायचा विचार असेल, तर बीएस्सीचं थर्मोडायनॅमिक्स पक्कं करा आणि रामन स्पेक्ट्रोस्कोपी (विखुरलेल्या लेसर प्रकाशावरून रेणू ओळखायची पद्धत) शिका. ऐरणीतला नमुना डोळ्यांना जेमतेम दिसतो, त्यात काय बदललं हे बऱ्याचदा रामन वर्णपटावरूनच कळतं.