किरकोळ माणूस आणि फडतूस माणूस

'किरकोळ, फालतू, चिल्लर, फडतूस हे सगळे एकाच अर्थाचे ना?' असं नाशिकरोडच्या एका वाचकाने विचारलं आहे. माझ्या मते नाहीत. चौघेही समोरच्याला हलकं ठरवतात, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

किरकोळ हा घाऊकच्या विरुद्धचा, व्यापारातला शब्द. किरकोळ विक्री, किरकोळ दुखापत, किरकोळ खर्च यांत कुणाचा अपमान नाही. 'किरकोळ अंगाचा माणूस' म्हटलं तर तो फक्त बारीक असतो. फालतू म्हणजे मुळात जास्तीचा, गरज भागून उरलेला. निरुपयोगी हा अर्थ त्यातूनच आला आणि आता तोच ठळक झाला. चिल्लर म्हणजे सुटे पैसे. माणसांच्या बाबतीत तो बहुधा घोळक्याला लागतो: पुढाऱ्याच्या मागेपुढे फिरणारी मंडळी ती चिल्लर. फडतूसची गोष्टच वेगळी. 'फडतूस दुखापत' कोणी म्हणत नाही, कारण हा शब्द मोजमाप सांगत नाही, थेट लायकीच काढतो. म्हणून मी तो जपून वापरतो.

आपल्या जिल्ह्यात या संदर्भात एक शब्द आवर्जून ऐकावा: गोल्टी. लासलगाव, पिंपळगावच्या कांदा बाजारात लहान आकाराच्या कांद्याला गोल्टी म्हणतात. मोठ्या कांद्यापेक्षा तिला भाव कमी मिळतो. पण गोल्टी सडकी नसते की बेचव नसते. चिरली की डोळ्यांतून तेवढंच पाणी काढते! तिच्याही खाली 'खाद' असते, तो खराब झालेला माल. लहान आणि वाईट यांच्यासाठी दोन वेगळी नावं ठेवण्याची ही शिस्त मला फार मोलाची वाटते. माणसांना नावं ठेवताना आपण नेमकी तीच सोडतो. लहान दुकानदाराला सर्रास फडतूस म्हणून मोकळे होतो.

सोम्यागोम्या या यादीत बसतो, पण त्याचा रोख गुणांवर नसून ओळखीवर आहे. 'कोणीही सोम्यागोम्या येऊन सांगतो' म्हणजे ज्याला कुणी विचारत नाही असा. सोमा आणि गोमा ही साधी, गावाकडची नावं; त्यांच्यावर हा शिक्का बसावा याचं मला वाईट वाटतं.

लिंबूटिंबू मात्र प्रेमाचा. खेळात त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद झाला तरी धरत नाहीत, पण त्याला घेतल्याशिवाय डाव सुरू होत नाही. मोठ्या माणसाला लिंबूटिंबू म्हटलं की तोच शब्द झोंबतो.