टाकीची पातळी दाखवणारा चार अंकी डिस्प्ले बॅटरीवर वर्षभर कसा चालवावा?

तुम्ही लिहिलंय की मॅक्स७२१९ ही एलईडी आकडे चालवणारी आयसी (ड्रायव्हर) लावल्यावर 2000 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसही पुरत नाही. दोष त्या आयसीचा नाही, एलईडीच वीज खातात. एका सेगमेंटला, म्हणजे आकड्याच्या सात रेघांपैकी एकीला, सरासरी 2 मिलिअँपिअर धरा. ‘8888’ म्हणजे 28 सेगमेंट, झाले 56 मिलिअँपिअर. जेमतेम 36 तास. ड्रायव्हर बदलून यात फारसा फरक पडणार नाही.

काचेचा साधा एलसीडी आणि तो चालवणारी एचटी१६२१ ही आयसी घ्या. पुण्यातल्या तापकीर गल्लीत तयार मॉड्यूलची चौकशी करा, मात्र बॅकलाइटची (मागच्या दिव्याची) जोडणी तोडायला विसरू नका. एलसीडी स्वतः उजेड देत नाही, म्हणून त्याला प्रवाह नगण्य लागतो. चार कॉमन (सामाईक) तारा आणि 32 सेगमेंटच्या तारा, अशा 36 तारांत 4 × 32 = 128 रेघा-ठिपके चालतात, त्यामुळे बोर्डही लहान होतो. या आयसीला स्वतःची मेमरी आहे. आकडा एकदा लिहिला की मायक्रोकंट्रोलर (पातळी मोजून आकडा पाठवणारी चिप) खुशाल झोपवा, आकडा काचेवर राहतो. सगळं मिळून 100 मायक्रोअँपिअरांत बसवलंत, तर तीच बॅटरी हिशेबाने दोन वर्षांवर जाते.

एक कळकळीची विनंती: पैसे वाचवायला काच थेट मायक्रोकंट्रोलरच्या पिनांवर डीसी (एकाच दिशेचा व्होल्टेज) देऊन चालवू नका. एलसीडीला सतत दिशा बदलणारा व्होल्टेजच लागतो. डीसीने आतल्या द्रवाचं विघटन होतं आणि काच कायमची खराब होते.

टाकी गच्चीवर असेल तर डिस्प्ले सावलीत बसवा, उन्हात तापला की एलसीडी काळा पडतो.