क्लचचं काम झालं आणि एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला?

भाऊ, आधी डोकं शांत ठेवा. गॅरेजवर जाऊन भांडलात तर गॅरेजवाला म्हणणारच, "गाडी जुनी आहे, होतं असं."

क्लच प्लेट बदलताना बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकाचा ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, काढावा लागतो. चाकाच्या स्पीड सेन्सरची बारीक वायर तिथेच असते. ती ताणली गेली किंवा कनेक्टर नीट बसला नाही, की दिवा पेटतो. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. नाशिकच्या अंबडमधल्या गॅरेजातून गाडी घेऊन निघालो, मुंबई नाक्याला पोचेपर्यंत दिवा चालू! जॅक लावून चाक वळवून पाहिलं तर वायर क्लिपमधून सुटून टायरला घासत होती. दहा मिनिटांचं काम. पण गॅरेजच्या पोरानं घाई केलेली.

पण सगळंच त्यांच्या माथी मारू नका. सेन्सर आपोआपही जातो, आपल्याकडच्या पावसाळी खड्ड्यांत तर जास्तच.

आजच मीटरचं रीडिंग दिसेल असा दिव्याचा फोटो काढा. स्कॅनरवर (गाडीला जोडून बिघाड दाखवणाऱ्या यंत्रावर) बिघाडाचा कोड बघा, पण पुसू देऊ नका. दुसऱ्या मेकॅनिकला फक्त दाखवा, उघडायला लावू नका. नाहीतर पहिला गॅरेजवाला हात झटकेल. जॉबकार्ड (गाडीवर काय काम करायचं ते लिहिलेला गॅरेजचा कागद) आणि पक्कं बिल आहे ना? नसेल तर आधी ते मागा, तक्रार नंतर.

नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. ब्रेक मात्र जपून, एबीएस बंद असताना ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर चाकं लॉक होऊ शकतात.