पूर्वी विमानात सिगारेट ओढता यायची ती कशी? आणि आता बंदी असूनही टॉयलेटच्या दारावर ॲशट्रे का असतो?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. विमानात सिगारेट ओढायची व्यवस्था नेमकी कशी असायची, तो सगळा धूर जायचा कुठे, आणि आता जगभर बंदी असताना टॉयलेटच्या दारावर अजून ॲशट्रे कशासाठी? विमानाच्या देखभालीच्या बाजूने उत्तर देतो.

परवानगी होती म्हणजे वाटेल तेव्हा, वाटेल तिथे ओढता येत होतं असं नाही. उड्डाण करताना, उतरताना आणि जमिनीवर विमान फिरत असताना डोक्यावरची 'धूम्रपान निषिद्ध' ही पाटी पेटलेली असायची. कॉकपिटमध्ये तिचा वेगळा स्विच असे. अनेक विमानांत त्या स्विचला 'ऑटो' ही जागा होती आणि ती चाकांना जोडलेली होती: चाकं पोटात गेली की पाटी विझायची, उतरण्यासाठी चाकं खाली आली की पुन्हा पेटायची. पाटी बदलताना जो 'टिंग' आवाज यायचा तो ऐकला की लायटर बाहेर निघत. सिगारेट बसल्या जागीच ओढायची, वाटेत उभं राहून नाही. कोणाला वैद्यकीय कारणासाठी ऑक्सिजन लावला असेल तर अमेरिकी नियमानुसार त्या उपकरणापासून १० फुटांच्या आत कोणी सिगारेट पेटवायची नाही. सिगार आणि पाइपला बऱ्याच कंपन्यांनी सिगारेटच्या कितीतरी आधी मनाई केली होती.

ॲशट्रे खुर्चीच्या हातात बसवलेला असे: वर स्प्रिंगचं झाकण, आत पत्र्याची छोटी डबी. डबी उचलून बाहेर काढता येई, कारण दर मुक्कामाला सफाईवाल्यांना ती रिकामी करावी लागे. त्रास तिथेच सुरू होई. लोक त्या डबीत थोटकांबरोबर चॉकलेटचे कागद, च्युइंगम, कागदी रुमाल कोंबत. झाकण पुरतं मिटत नसे आणि अर्धवट विझलेलं थोटूक कागदाला धरून धुमसत राही. दुसरी वाईट जागा म्हणजे खुर्चीची गादी आणि बाजूची भिंत यांच्यामधली फट. तिथे पडलेली जळती सिगारेट हाताला लागत नाही. सीटकव्हरवरची आणि गालिच्यावरची भोकं तर ठरलेलीच होती. गाद्यांच्या फोमभोवती आग अडवणारा थर घालायची सक्ती अमेरिकेत १९८४ च्या नियमाने झाली, तोवर आतला फोम एकदा पेटला की फार वेगाने जळत असे.

त्या काळी ॲशट्रे ही मिरवायची वस्तूसुद्धा होती. तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियाने १९६७ साली साल्वादोर दाली या चित्रकाराकडून खास प्रवाशांना भेट देण्यासाठी चिनी मातीचा ॲशट्रे करून घेतला. त्याने मोबदला म्हणून हत्तीचं पिल्लू मागितलं आणि कंपनीने ते खरोखर विमानाने युरोपात पाठवलं.

आता धुराकडे येतो. या विषयात सर्वात जास्त गैरसमज इथेच आहे.

'स्मोकिंग' आणि 'नॉन-स्मोकिंग' असे विभाग असत. अमेरिकेत १९७३ पासून ते सक्तीचे झाले. प्रत्येक वर्गाच्या मागच्या रांगा धूम्रपान करणाऱ्यांना दिल्या जात. याचा परिणाम असा की फर्स्ट क्लासचा धुराचा भाग त्याच्या शेवटी आणि त्याला लागून इकॉनॉमीची पहिली, म्हणजे बिनधुराची, रांग. मध्ये भिंत नाही, फार तर एखादा पडदा किंवा पातळ आडोसा. वेळेत आलेल्या प्रत्येकाला मागितल्यास बिनधुराची जागा द्यावीच लागे. म्हणून ही सीमा पक्की नसे. खुर्चीच्या पाठीवर सरकवता येणारी छोटी पाटी असे आणि प्रवासी पाहून ती दोन रांगा पुढे किंवा मागे नेली जाई.

पण हवेला ती पाटी दिसत नाही. विमानात हवा छतालगतच्या फटींतून आत येते, गोल फिरत खाली जाते आणि पायांजवळ भिंतीच्या तळाशी असलेल्या जाळ्यांतून बाहेर ओढली जाते. तिथून ती पोटाखालच्या भागातून जाऊन 'आउटफ्लो व्हॉल्व्ह' नावाच्या झडपेतून बाहेर पडते. केबिनमधला दाब हीच झडप कमीजास्त उघडून सांभाळला जातो. रचना अशी आहे की हवा शक्यतो एकाच रांगेत आडवी फिरावी, लांबीच्या दिशेने वाहू नये. बऱ्याच अंशी तसं होतंही. पण जेवणाच्या गाड्या फिरतात, माणसं ये-जा करतात, आणि धूर चार-पाच रांगा सहज पुढे सरकतो.

बोइंग ७०७ किंवा डीसी-८ सारख्या जुन्या जेटमध्ये केबिनला सगळी हवा बाहेरून ताजी घेतलेली असे. १९८० च्या दशकात आलेल्या ७५७, ७६७ यांसारख्या विमानांत इंधन वाचवण्यासाठी जवळपास निम्मी हवा गाळून पुन्हा केबिनमध्ये सोडायला लागले. बाहेरची हवा इंजिनामार्फत केबिनमध्ये घेतली की इंधन जास्त जळतं, हे त्यामागचं साधं कारण. म्हणजे शेवटच्या रांगेतली हवा मिश्रणकक्षात जाऊन पहिल्या रांगेच्या डोक्यावरून परत येऊ लागली. फिल्टर कितीही चांगला असो, तो कण अडवतो. आजचे हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण पकडतात, पण कार्बन मोनॉक्साइड, फॉर्माल्डिहाइड, निकोटिनची वाफ हे वायू त्यातून आरपार जातात. त्यात केबिनमधली हवा कोरडी, आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्याही खाली, म्हणून डोळे आणि घसा जास्त चुरचुरत. शिवाय केबिनचा दाब ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच. मुळात ऑक्सिजन थोडा कमी, त्यावर कार्बन मोनॉक्साइड रक्तातली आणखी जागा अडवतो.

प्रवाशाचे आठ तास कसेबसे निघत. केबिन क्रूला हेच वर्षानुवर्षं सोसावं लागे आणि त्यांना बसायला बिनधुराचा विभागही नव्हता. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिगारेट न ओढणाऱ्या प्रवाशांच्या आणि क्रूच्या लघवीत निकोटिनपासून तयार होणारं कोटिनिन मोजलं होतं. सीमेलगतच्या बिनधुराच्या जागांवर धुराशी आलेला संबंध प्रत्यक्ष धुराच्या विभागाइतकाच निघाला. बंदी मागण्यात केबिन क्रू सर्वांत पुढे होते याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही. मायामीच्या न्यायालयात त्यांनी १९९१ मध्ये सिगारेट कंपन्यांविरुद्ध सामूहिक दावा लावला आणि १९९७ मध्ये तडजोडीत संशोधनासाठी ३० कोटी डॉलर मिळवले.

यंत्रांनाही धूर सोसावा लागे. सिगारेटचा चिकटा हवेबरोबर जाऊन थंड धातूवर बसतो. आउटफ्लो व्हॉल्व्हच्या पाकळ्यांवर डांबरासारखा तपकिरी थर चढे. तो वेळेवर धुतला नाही की झडप अडखळत उघडे आणि केबिनचा दाब हिसके खाई, ते प्रवाशांच्या कानाला जाणवे. फिल्टर लवकर तुंबत. बाहेरून पाहिलं तर झडपेच्या मागे विमानाच्या पोटावर तपकिरी ओघळ दिसत.

त्या ओघळांचा एक उपयोगही होता. पत्र्याच्या जोडातून किंवा सूक्ष्म तड्यातून हवा झिरपत असेल तर तिथेही तसाच डाग उमटे आणि तपासणाऱ्याची नजर तिथे जाई. चायना एअरलाइन्सचं ७४७ विमान २५ मे २००२ रोजी तैवानजवळ हवेतच फुटलं आणि २२५ जण गेले. १९८० साली हाँगकाँगला त्याचं शेपूट धावपट्टीला घासलं होतं आणि त्यावर मारलेल्या ठिगळाची दुरुस्ती नीट झाली नव्हती. अपघाताच्या काही महिने आधी काढलेल्या छायाचित्रांत त्या ठिगळाच्या कडेला ओघळांच्या खुणा दिसतात. त्या निकोटिनच्या असाव्यात असं पुष्कळांचं मत आहे. तसं असेल तर तडा कितीतरी वर्षं आधीच पडलेला होता, कारण त्या विमानात सिगारेट बंद होऊन बराच काळ लोटला होता.

ॲशट्रेचं उत्तर मात्र आगीत आहे.

११ जुलै १९७३. ब्राझीलच्या वारिग कंपनीचं ७०७ रिओहून पॅरिसला येत होतं. उतरायला काही मिनिटं उरली असताना मागच्या टॉयलेटमधून धूर येऊ लागला. तो इतका दाट झाला की वैमानिकांना समोरची उपकरणं दिसेनात. त्यांनी कॉकपिटच्या खिडक्या उघडून बाहेर पाहत विमान धावपट्टीच्या अलीकडेच कांद्याच्या शेतात उतरवलं. १३४ पैकी १२३ जण मेले. बहुतेकांचा जीव धुराने गेला. वाचलेल्या ११ जणांत १० कर्मचारी होते आणि प्रवासी फक्त एक. आग बेसिनखालच्या भागात लागली. विजेचा बिघाड किंवा प्रवाशाचा निष्काळजीपणा, अशा दोन शक्यता तपासात धरल्या गेल्या. कचरापेटीत टाकलेली सिगारेट हा मुख्य संशय.

टॉयलेटची कचरापेटी एवढी वाईट का? आत हात पुसायचे चुरगळलेले कोरडे कागद. भोवती पॅनेलच्या मागे पोकळी, वायरी आणि पाइप. आणि टॉयलेटमधली हवा वास येऊ नये म्हणून सतत बाहेर ओढली जाते, त्यामुळे सुरुवातीचा धूर केबिनमध्ये येतच नाही. कोणाच्या लक्षात येईपर्यंत आग भिंतीच्या मागे गेलेली असते.

वारिगनंतर अमेरिकेच्या विमानप्राधिकरणाने आदेश काढला: टॉयलेटमध्ये धूम्रपान पूर्ण बंद, तशा पाट्या, पेटीवर 'सिगारेट टाकू नये' ही सूचना, पेटीचं झाकण आपोआप घट्ट मिटतं की नाही याची ठरावीक तासांनी तपासणी, आणि दारावर किंवा दारालगत ॲशट्रे. झाकणाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. झाकण मिटलं तर पेटीतली हवा संपून आग गुदमरते. स्प्रिंग सैल झाली किंवा कागद अडकून झाकण उघडं राहिलं तर तीच पेटी शेगडी होते.

२ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या डीसी-९ मध्ये पुन्हा मागच्या टॉयलेटमध्ये आग लागली. तिचं कारण निश्चित झालं नाही. विमान सिनसिनाटीला सुखरूप उतरलं, पण दारं उघडून ताजी हवा आत शिरल्यावर जेमतेम दीड मिनिटात केबिनने एकदम पेट घेतला. ४६ पैकी २३ जण आतच मेले. त्यानंतर टॉयलेटमध्ये धूरशोधक आणि कचरापेटीत आपोआप चालणारं अग्निशामक सक्तीचं झालं.

ते अग्निशामक बेसिनखाली असतं. आग विझवणाऱ्या वायूची (जुन्या विमानांत हॅलॉनची) मुठीएवढी बाटली, तिची नळी पेटीत उतरलेली आणि नळीच्या तोंडाला कमी तापमानाला वितळणारी मिश्रधातूची टोपी. साधारण ७७ ते ८० अंश सेल्सिअसला टोपी वितळते आणि वायू पेटीत सुटतो. वीज लागत नाही, कोणी बटण दाबावं लागत नाही. शेजारी तापमानाची पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावरचे पांढरे ठिपके उष्णतेने काळे होतात आणि पुन्हा पांढरे होत नाहीत. बोइंग ७३७ मध्ये वायू सुटल्यावर नळीच्या टोकाचा रंगही बदलून ॲल्युमिनियमसारखा होतो. यांतली एक खूण जरी दिसली तरी ती बाटली संपली असं धरायचं.

मग ॲशट्रे का? नियम मोडणारा माणूस पाटी वाचून थांबेलच असं नाही. त्याने सिगारेट पेटवली आणि दारावर थाप पडली तर थोटूक तो कुठेतरी टाकणारच. जवळ ॲशट्रे नसेल तर हात कागदांच्या पेटीकडे जातो. म्हणून अमेरिकी नियमात स्पष्ट लिहिलंय की विमानात इतरत्र धूम्रपानाला परवानगी असो वा नसो, प्रत्येक टॉयलेटच्या दाराच्या बाहेरच्या बाजूला किंवा जवळ, सहज दिसेल असा, काढता येणारा ॲशट्रे हवाच. कोऱ्या करकरीत विमानातही तो म्हणूनच असतो. हरवला तर विमानाचं उड्डाण लगेच थांबवलं जात नाही, पण मुदत सुरू होते: अनेक टॉयलेट असलेल्या विमानात जास्तीत जास्त निम्मे ॲशट्रे नसले तरी चालतं, त्यातले अर्धे ३ दिवसांत आणि बाकीचे १० दिवसांत बसवावे लागतात. मला हा नियम फार शहाणा वाटतो, कारण तो माणसं जशी आहेत तशी धरून केलेला आहे.

बंदी टप्प्याटप्प्याने आली. अमेरिकेत १९८८ साली दोन तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणांवर, १९९० मध्ये सहा तासांपर्यंतच्या, आणि २००० साली तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या सर्व उड्डाणांवर. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने १९९२ च्या ठरावात १ जुलै १९९६ पर्यंत आंतरराष्ट्रीय उड्डाणांत धूम्रपान बंद करण्याचं आवाहन केलं होतं. दोन तासांची मर्यादा घालून सुरुवात केली ती हुशारी होती. तेवढा वेळ सिगारेटशिवाय निघतो हे लोकांना दिसलं आणि पुढची पावलं सोपी झाली.

आजचा धोका ई-सिगारेटचा आहे. भारतात ती २०१९ च्या कायद्याने बंदच आहे, पण बाहेरून येणाऱ्यांच्या खिशात असते. 'वाफ आहे, धूर नाही, धूरशोधकाला कळणार नाही' हा समज चुकीचा आहे. प्रकाशावर चालणारा शोधक हवेतले बारीक थेंबही टिपतो, अगदी अंगावर मारायच्या स्प्रेचेसुद्धा. शिवाय आत लिथियमची बॅटरी असते आणि ती स्वतःच पेट घेऊ शकते.

टॉयलेटजवळ जळका वास आला तर दार स्वतः उघडू नका. लगेच क्रूला सांगा. ते आधी तळहाताच्या मागच्या बाजूने दाराची उष्णता पाहतात, श्वसनाचा हूड घालतात, दार अगदी किंचित उघडून अग्निशामक आत मारतात आणि पुन्हा बंद करतात. दार सताड उघडलं तर आगीला नेमकी हवी ती हवा मिळते.