गैरहजर म्हणजे शून्य नव्हे

प्रश्न : मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जावास्क्रिप्टमध्ये निकालपत्रकाचा प्रोजेक्ट केला. माहिती नसेल तिथे ‘–’ दिसावं म्हणून प्रत्येक रकान्यासाठी वेगळं इफ-एल्स लिहिलं. इंटर्नशिपच्या मुलाखतीत ‘तेच तेच का लिहिलंयस?’ असं विचारलं आणि मी गप्पच झाले. दुसरा कोर्स लावू का?

उत्तर : कोर्सचे पैसे वाचव. तुला प्रोजेक्ट पूर्ण करता येतो, हीच मोठी गोष्ट आहे. अडलंय ते एका सवयीपाशी, आणि ती एका संध्याकाळी सुधारेल.

‘दाखव’ नावाचं एक छोटं फंक्शन लिही. किंमत (व्हॅल्यू) आत घ्यायची. ती नल, अनडिफाइन्ड (दोन्हींचा अर्थ ‘किंमतच नाही’) किंवा नुसती रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) असेल तर ‘–’ परत द्यायचं, नाहीतर आहे तीच किंमत. सगळे रकाने त्यातूनच जाऊ देत. उद्या कुणी ‘–’ ऐवजी ‘माहिती नाही’ मागितलं, तर एकच ओळ बदलायची.

पण त्या फंक्शनमध्ये घाईघाईने || (‘डावीकडचं नसेल तर उजवीकडचं घे’ असं सांगणारं चिन्ह) वापरू नकोस, बरेच जण इथेच फसतात. ते चिन्ह शून्यालाही ‘नाही’ समजतं. म्हणजे गणितात खरोखर 0 मिळालेल्या मुलासमोर ‘–’ दिसेल आणि तो गैरहजर होता असं वाटेल. विद्यार्थ्याच्या निकालात ही चूक फार वाईट. 2020 पासून भाषेत याच कामासाठी ?? हे चिन्ह आहे; ते फक्त नल आणि अनडिफाइन्ड पकडतं, शून्याला हात लावत नाही. रिकाम्या स्ट्रिंगलाही लावत नाही, म्हणून फॉर्ममधून आलेल्या रिकाम्या ईमेलची तपासणी फंक्शनमध्ये वेगळी लागेल.

आणखी एक. ‘–’ फक्त पडद्यावर दाखवताना लाव, मूळ डेटात भरू नकोस. 45 मध्ये ‘–’ मिळवलंस तर जावास्क्रिप्ट तक्रारही करत नाही, मुकाट्याने ‘45–’ अशी स्ट्रिंग बनवून देतं आणि सरासरीचा बोजवारा उडतो. पायथनच्या पांडास या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीतही हेच पाळ : रिकाम्या जागी काय छापायचं, ते तक्ता बाहेर काढताना सांगता येतं.

हा बदल गिटहबवर स्वतंत्र कमिट (बदलाची वेगळी नोंद) म्हणून टाक. पुढच्या मुलाखतीत जुना आणि नवा कोड शेजारी-शेजारी उघड आणि 0 चं उदाहरण स्वतःहून सांग. तोवर अर्ज करणं मात्र थांबवू नकोस.