लायसन आहे, मग क्लब कशाला?

प्रश्न : काका, मी मूळचा कणकवलीचा, दोन वर्षं झाली इंग्लंडमध्ये रेडिंगला आहे. लहानपणी आजोबांबरोबर गड नदीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचो ते वेड अजून आहे. इथे ऑनलाइन रॉड लायसन काढलं, रॉड घेतला, गावाहून येताना आजोबांची गरी नि शिशाची वजनंपण आणलीत. आता ऑफिसातला एकजण म्हणतो आधी मासे धरणाऱ्यांच्या क्लबचा मेंबर हो. लायसनचे पैसे भरलेत तर परत क्लबला कशाला द्यायचे? मुलगा ११ वर्षांचा आहे, त्यालापण न्यायचंय. आणि मिळालेला मासा घरी आणता येतो ना? बायको विचारतेय.

उत्तर : काका म्हणालास म्हणून एकेरीवर येतो. तुझा घोळ झालाय तोच माझा झाला होता, फक्त मला कोणी आधी सांगितलं नाही. पहिल्या वर्षी मी लायसन काढलं आणि मे महिन्यात मस्त ऊन बघून नदीवर जाऊन बसलो, थर्मासमध्ये चहा, डब्यात चपातीभाजी, सगळं जोरात. तासाभराने एक म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन आले, गुड मॉर्निंग वगैरे झालं, मग अगदी गोड आवाजात तिकीट बघू म्हणाले. मी ऐटीत मोबाईलवर लायसन दाखवलं. ते म्हणाले हे ठीक आहे पण हा काठ आमच्या क्लबचा आहे, आणि तसंही नदी सध्या बंद आहे. एका बैठकीत दोन गुन्हे! ते क्लबचे बेलिफ होते, म्हणजे काठाची राखण करणारे. भला माणूस, सामान आवरायला मदत केली त्याने, पण कान जे लाल झाले ते घरी येईपर्यंत तसेच होते.

तर ऐक. लायसन सरकारचं, ते फक्त गळ टाकायची परवानगी देतं, पाणी देत नाही. इथे नदीत मासे धरायचा हक्क बहुतेक ठिकाणी काठाच्या मालकाचा असतो आणि क्लब तो हक्क त्याच्याकडून भाड्याने घेतो किंवा विकत घेतो. त्यामुळे कधी कधी एकाच नदीचा डावा काठ एका क्लबचा आणि समोरचा दुसऱ्याचा, मधे पाणी तेच. आपल्याकडे गावची नदी म्हणजे गावची, त्यामुळे हे पचायला जड जातं. पण लायसनशिवाय क्लब चालत नाही आणि क्लबच्या पाण्यावर नुसतं लायसन चालत नाही, दोन्ही खिशात हवं. लायसन नसताना सापडलास तर २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पोराला १३ पूर्ण होईपर्यंत लायसन लागत नाही, १३ ते १६ मध्ये फुकट असतं पण काढावं लागतं. क्लबात त्याची ज्युनिअर मेंबरशिप आहे का ते वेगळं विचार.

आता क्लब निवडताना फी किती हे सगळ्यात शेवटी बघ. आधी त्यांच्या पाण्याची यादी माग नि एक रविवार रॉड न घेता नुसता फिरून ये. इंग्लंडमध्ये नद्या १५ मार्च ते १५ जून बंद असतात, माशांच्या विणीचा काळ, १६ जूनला सुरू. तळी मात्र बहुतेक वर्षभर चालू. म्हणजे क्लबकडे नुसती नदीच असेल तर ऐन वसंतात तीन महिने घरी बसायचं, आणि ११ वर्षांचं पोर तीन महिने थांबत नाही रे. तेव्हा नदी आणि निदान एखादं तळं दोन्ही असलेला क्लब बघ. तुझ्या गावातच केनेट येऊन थेम्सला मिळते, केनेटचा बार्बेल नावाजलेला आहे, हा मासा म्हणजे आपल्या खडसाचा लांबचा भाऊ, गळाला लागला की हात दुखेपर्यंत ओढतो. पण पोराची सुरुवात तळ्यावर कर. बारीक गळाला स्वीटकॉर्नचा एक दाणा लाव, तरंगा दोनदा थरथरतो मग तिरका होऊन सरकत जातो, तेव्हाच झटका द्यायचा, आधी नाही. रोच नाहीतर पर्च असला इथला छोटा मासा, बोटभर का होईना, पण काहीतरी लागतंच.

गाडी कुठे लावायची, गेटची चावी मिळते की कुलुपाचा नंबर, रात्री बसता येतं का, काठ साफ करायच्या दिवसांना यावंच लागतं का, हेही विचारून घे. त्या साफसफाईला मी नेटाने जातो, कारण कुठल्या झुडपाखाली मासा बसतो हे म्हातारे लोक हातात फावडं असतानाच बोलतात, एरवी चकार शब्द नाही.

आजोबांची शिशाची वजनं मात्र कपाटात ठेव, आठवण म्हणून. हंस ती गिळून मरायचे म्हणून १९८७ पासून इथे बंदी आहे, अगदी मोहरीएवढे बारीक दाणे सोडले तर २८ ग्रॅमपर्यंतचं शिसं चालत नाही. गरीचंपण तेच, बऱ्याच क्लबांना टोकाशी उलटा काटा नसलेला गळ लागतो म्हणजे मासा सोडवताना तोंड फाटत नाही. जाळी आणि मासा ठेवायला ओली चटईही लागते.

आणि वहिनींना सांग, कालवणाचं विसरा! कायद्याने नदीतले मोजके छोटे मासे मालकाच्या परवानगीने नेता येतात, पण क्लबात जवळपास सगळीकडे मासा परत पाण्यातच. महाडजवळ वाळणकोंडीत देवाचे मासे आहेत ना, कोणी धरत नाही, तसं समज, फक्त इथे धरून, फोटो काढून, हात जोडून सोडायचा. बांगडा दुकानातून आण.

प्रश्न : मुंबईत असं क्लबासारखं काही आहे का हो? नवऱ्याला रिटायरमेंटनंतर काहीतरी नाद हवाय, घरात फार सूचना देतात.

उत्तर : आहे ना ताई, पवईला. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन तिथे वर्षानुवर्षं आहे. मेंबरशिपचं आणि नियमांचं तिथेच जाऊन विचारा. रोहू, कटला असे आपले ओळखीचे मासे आहेत. फक्त पाण्यात पाय सोडून बसू नका म्हणावं, त्या तलावात मगरी आहेत, त्या सूचना ऐकत नाहीत.